सही करण्याआधी: स्काऊट मास्तरांचे रोजचे प्रश्न

(अंबाजोगाई येथे स्काऊट मास्तर, गाईड कॅप्टन आणि कब मास्तर यांच्यासमोर झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



निमंत्रण द्यायला जी मंडळी घरी आली त्यांनी विषय सुचवला होता, 'स्काऊटिंग आणि मूल्यशिक्षण'. विषय चांगलाच आहे. पण आम्हाला त्याची जरा भीती वाटते. 'मूल्य' हा शब्द व्यासपीठावर आला की सगळे माना डोलावतात, आणि माना डोलावून झाल्या की चहा घेऊन घरी जातात. म्हणून आम्ही विषय थोडा खाली उतरवून घेतला आहे. नऊ नियम काय सांगतात हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. ते नियम लेकरांना शिकवताना मोठ्या माणसाची जी पंचाईत होते, तिच्याबद्दल आज बोलू.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं. पण त्याआधी चार वर्षं आम्ही आपल्याच जिल्ह्यात एका हायस्कुलात शिक्षक होतो आणि स्काऊटचं पथक आमच्याकडे होतं. नीतिशास्त्राचे जे प्रश्न आम्ही पुढे ॲरिस्टॉटल आणि कांट यांच्या ग्रंथांवरून वर्गात शिकवले, ते आधी आम्हाला त्या पथकात भेटले होते. तेव्हा ओळखता आले नाहीत, एवढंच.

हुकमाचा स्वयंसेवक

सुरुवातीलाच एक विचारतो. तुमच्यापैकी किती जण स्वतःच्या इच्छेनं स्काऊट मास्तर झाले? हात वर करा. (हशा) पाच-सहा दिसतात. बाकीच्यांना मुख्याध्यापकांनी बोलावलं, 'सर, तुम्ही तरुण आहात, यंदा स्काऊट तुमच्याकडे' असं सांगितलं, आणि तुम्ही 'बरं' म्हणालात. आमचंही तसंच झालं होतं.

भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही चळवळ स्वतःची ओळख स्वयंसेवी, अराजकीय आणि शैक्षणिक अशी करून देते. वंश, धर्म, जन्म असा भेद न करता ती सर्वांना खुली आहे. मग हुकमानं नेमलेला माणूस स्वयंसेवक कसा? प्रश्न चावट वाटला तरी खरा आहे. आमचं उत्तर असं की नेमणूक हुकमानं होऊ शकते. हुकमात लिहिलेलं असतं की आठवड्याला सभा घ्या, नोंदणी पाठवा, मेळाव्याला पथक न्या. पण अमुक एक पोरगं तीन आठवडे आलं नाही, त्याच्या घरी जाऊन या, असं कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नसतं. तुम्ही सायकलला किंवा गाडीला टांग मारून ज्या दिवशी त्याच्या घरी जाता, त्या दिवशी तुम्ही स्वयंसेवक झालात. तोवर आपण नेमलेले असतो. त्यात कमीपणा नाही, पण फरक ओळखून असावा.

खोटी सही

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. आजच्या बोलण्याचं मूळ तिथंच आहे.

७२ च्या दुष्काळानंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची रीघ वाढली होती. ही गोष्ट त्याच दशकाच्या शेवटची. आमच्या पथकात एक मुलगा होता. चुणचुणीत, हाताला चपळ, संघनायक व्हावा असा. दिवाळी झाली, मुकादमाची उचल घेतलेली होती, आईबापांचा कोयता ठरला आणि टोळीबरोबर हेही पोरगं गेलं. शाळेत कुणाला सांगून जायची पद्धत नव्हती. एका शनिवारी तो आला नाही, तेव्हा संघातल्या पोरांनी सांगितलं, 'सर, त्यो तोडीला गेला.'

पाडव्याच्या सुमारास तो परत आला. थोड्याच दिवसांवर बॅजची परीक्षा होती. नियमाप्रमाणे सभांची हजेरी लागत होती, एक हाईक झालेली लागत होती, लॉगबुक लागत होतं. आम्हाला त्याच्याबद्दल माया होती. पोरगं गुणी आहे, परिस्थितीनं मागं पडू नये, असं वाटलं. आम्ही पाच महिन्यांच्या सगळ्या शनिवारी त्याला 'उपस्थित' लिहिलं, हाईकही लिहिली आणि खाली सही ठोकली.

त्यानं वही पाहिली. म्हणाला, 'सर, ह्या हाईकला मी नव्हतो.' आम्ही म्हणालो, 'असू दे रे. तुझ्या भल्यासाठीच आहे.' तो गप्प बसला.

पुढच्या महिन्यात आम्ही मुलांच्या सत्कृत्यांच्या वह्या तपासायला घेतल्या. रोज एक चांगलं काम करायचं आणि रोज लिहायचं, हा आपला परिपाठ. एका संघाच्या सगळ्या वह्या एकाच संध्याकाळी भरलेल्या होत्या. एकाच शाईत तीस दिवस. आम्ही रागावलो. 'पहिला नियम कोणता?' असं विचारलं. पहिला नियम म्हणजे स्काऊट विश्वसनीय असतो. सगळे खाली बघत उभे राहिले. त्यांतला एक मात्र म्हणाला, 'सर, तुम्ही पण त्याचं तसंच लिहिलंत की.'

त्या पोरानं उद्धटपणे म्हटलं नव्हतं. त्याला खरंच वाटलं होतं की लिहिण्याची रीत अशीच असते.

आम्ही पुढे कैक वर्षं वर्गात कांटचं मत शिकवलं, की दयेपोटीसुद्धा खोटं बोलू नये. विद्यार्थी वाद घालायचे आणि आम्हालाही ते मत फार कडक वाटायचं. पण आमच्या त्या सहीत नेमकं काय चुकलं, हे कळायला कांट लागत नाही. संघातल्या बाकीच्या मुलांचं काय झालं ते आत्ता सांगितलंच. सहीची किंमतही गेली, कारण पुढे आम्ही जी खरी सही केली असेल तिच्यावर त्यांनी का विश्वास ठेवावा? पण सगळ्यात मोठं नुकसान झालं त्या मुलाचं, आणि हे आम्हाला फार उशिरा उमगलं. 'उपस्थित' लिहून आम्ही त्याचे पाच महिने पुसून टाकले. तो फडावर होता. पहाटे थंडीत उठत होता, कोपीपुढं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होता, धाकट्या बहिणीला सांभाळत होता, वाढ्यानं मोळी बांधत होता. आमच्या सहीनं त्याला सांगितलं की हे सगळं कुठं लिहिण्यासारखं नाही, लपवण्यासारखं आहे.

मग करायला काय हवं होतं? लॉगबुकात सरळ लिहायला हवं होतं: 'कार्तिक ते फाल्गुन, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला.' त्याखाली हाईकची जागा कोरी ठेवायची. मग त्याला जे येतं ते तपासायचं. चूल पेटवणं, स्वयंपाक, गाठी, कोयता लागला तर जखम कशी बांधायची, रात्री गाडी भरताना चांदण्यांवरून वेळ कशी ओळखायची. आपल्या अभ्यासक्रमातली निम्मी कौशल्यं त्याच्या हातात होती. जे येत नव्हतं, नकाशावाचन किंवा प्रथमोपचाराची पद्धत, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवायचं, संघातल्या चार पोरांना बरोबर घेऊन एक हाईक खरोखरच काढायची, आणि परीक्षा पुढच्या खेपेला द्यायला लावायची. बॅज सहा महिने उशिरा मिळाला असता, पण मिळाला तो त्याचा असता.

इथं एक धोका आहे, तोही सांगतो. फडावरचं कौशल्य मोजायचं म्हणजे लेकरानं फडावर जावं असं आपण म्हणत नाही. लेकराची जागा शाळेत आहे. म्हणून आज ज्या शाळांत हंगामी वसतिगृह चालतं, आईबाप तोडीला गेल्यावर मुलं गावातच राहतात, तिथल्या मास्तरांना आमची विनंती आहे. संध्याकाळचं जेवण झाल्यावर त्या मुलांची सभा घ्या. आईबापांची आठवण त्याच वेळी येते. एखादा खेळ, एखादी गोष्ट, चार गाठी. यापेक्षा मोठं सेवाकार्य दुसरं कुठलं शोधायला जायची गरज नाही.

आमच्या वेळी सही फक्त मायेपोटी चुकत होती. आज तिला बाजारभाव आलाय. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार यांमुळे दहावीला सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे पालक येतात, 'सर, तेवढं बघा' म्हणतात. कधी वरूनही सूचना येते. अशा वेळी काय करावं? राजीनामा तोंडावर फेकावा असं आम्ही सांगणार नाही, ते पोटावर हात असलेल्या माणसाला परवडत नाही. नुसतं 'नाही' म्हणू नका, 'नाही, पण असं करता येईल' म्हणा. ह्या मुलाच्या अमुक चार गोष्टी राहिल्या आहेत, त्या मी दोन महिन्यांत पूर्ण करून घेतो, हे तारखेसह कागदावर द्या. खोटं लिहायला सांगणाऱ्याला कागद आवडत नाही. आणि खरंच मुलाचं भलं हवं असलेल्या पालकाला तुमचा कागद आवडतो, असा आमचा अनुभव आहे.

खरी कमाई कुणाची?

दुसरा प्रश्न खरी कमाईचा. याच्यावर थोडक्यात बोलतो. मुलानं स्वतःच्या श्रमानं चार पैसे मिळवावेत, श्रमाची लाज मोडावी, हा हेतू उत्तम आहे. प्रत्यक्षात होतं काय? कार्ड घरी जातं, वडील खिशातून दहा-वीस रुपये काढून देतात, कार्ड भरतं. ज्याच्या वडिलांच्या खिशात काही नाही ते पोर मात्र खरोखर कुठंतरी राबून येतं. म्हणजे 'खरी' कमाई फक्त गरिबाची, आणि शाबासकी दोघांना सारखी.

दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे रकमेचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवू नका, काय काम केलं ते सांगायला लावा. ज्यानं काम केलेलं असतं त्याच्याकडे सांगायला गोष्ट असते. शेजारच्या आजींचं दळण आणलं, गोठा झाडला, सायकल पुसली. दुसरं असं की दुकान, हॉटेल, वीटभट्टी यांच्याकडे मुलांना पाठवू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं २०१६ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर सर्वच धंद्यांत बंद आहे. घरची मदत वेगळी. खरी कमाई घरात आणि गल्लीतच बरी.

गणवेशाचंही तेच. काटकसर हा आपला नियम आहे, आणि गणवेश नाही म्हणून पोर रांगेच्या बाहेर, ही आपली रीत. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. स्कार्फ तेवढा पथकातर्फे द्यावा, बाकी अंगावर धुतलेलं काहीही चालेल, असं ठरवून टाकायला काय हरकत आहे?

एका तंबूत कोण कोण

आता जरा नाजूक विषय. बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर जो पहिला शिबिराचा प्रयोग केला, त्यात सुमारे वीस मुलं होती. काही श्रीमंतांच्या शाळांतली, काही कष्टकऱ्यांच्या घरची. त्या काळच्या इंग्लंडात ही साधी गोष्ट नव्हती. पण हीच चळवळ १९०९ मध्ये हिंदुस्थानात आली तेव्हा सुरुवातीला ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. आपल्या मुलांना तंबूत जागा नव्हती. म्हणून ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली, म्हणून अलाहाबादेत पंडित मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची बालचर संघटना उभी केली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊटच्या संघटना एक झाल्या आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडही त्यात आल्या. सांगायचं असं की 'सर्वांना खुली' हे दोन शब्द आपल्याला फुकट मिळालेले नाहीत. एकेकाळी आपणच दाराबाहेर होतो.

आता आपल्या गावाकडे या. शिबिरात तंबूवाटप करताना मुलं आपोआप कशी गट करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. डबा कुणाबरोबर खायचा, पाण्याच्या घागरीला हात कुणी लावायचा, हे त्यांना घरून शिकवून पाठवलेलं असतं. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात माणसाचं काम पाहण्याआधी आडनाव पाहायची खोड वाढली आहे, हे तुम्ही-आम्ही सगळेच जाणतो. इतकी की २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातल्या पोलिसांनी आपल्या नावपट्टीवरून आडनाव काढलं आणि नुसतं नाव ठेवलं. पोलिसांना जमलं ते पथकाला जमायला हरकत नाही. मुलाला त्याच्या नावानं हाक मारा. हजेरीचा तक्ता नावानं करा. संघ पाडताना चिठ्ठ्या टाका, आणि स्वयंपाकाची पाळी संघवार लावा. नियम सगळ्यांना एक असला की कुणावर उपकार होत नाहीत, कुणाचा अपमानही होत नाही.

प्रार्थनेबद्दलही विचारलं जातं. आपल्या पथकांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, सगळ्या घरची मुलं असतात. एखाद्या घरी देवच मानत नाहीत. वचनात तर ईश्वराप्रति कर्तव्य आहे. अशा वेळी हे लक्षात ठेवा की आपल्याच नियमावलीत 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' हा शब्द घ्यायची मोकळीक आहे. आणि आपल्या भाषेत 'धर्म' म्हणजे नुसता पंथ नव्हे. शेजारधर्म म्हणतो, माणुसकीचा धर्म म्हणतो, त्यात कर्तव्य आलंच. कुणाच्या श्रद्धेवर घाला नको, आणि कुणाच्या अश्रद्धेवर जबरदस्ती नको. जो हात जोडत नाही, त्यानं शांत उभं राहावं. एवढं पुरे.

गुपित

एका गाईड कॅप्टननं आम्हाला मागे एक प्रश्न विचारला होता. तो त्यांच्या परवानगीनं, गावाचं नाव न घेता, मांडतो. कंपनीतली एक मुलगी, नववीतली. एक दिवस म्हणाली, 'मॅडम, एक सांगायचंय, पण कुणाला सांगणार नाही असं वचन द्या.' मॅडमनी वचन दिलं. मुलगी म्हणाली, 'दिवाळीनंतर माझं लग्न आहे.'

आता काय करायचं? वचन मोडलं तर पहिला नियम मोडला. वचन पाळलं तर पोर गेली.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात पुस्तकी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बालविवाहांच्या बाबतीत बीडचं नाव राज्यातल्या वरच्या जिल्ह्यांत येतं. त्याचा ऊसतोडीशीही संबंध आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, जोडी असली तर उचल मिळते. शिवाय वयात आलेली मुलगी मागे एकटी कुणाकडे ठेवायची, ही आईबापांची धास्ती. ती धास्ती खोटी नसते. म्हणून आम्ही त्या आईबापांना राक्षस म्हणणार नाही. पण २००६ चा कायदा स्पष्ट आहे: मुलगी अठरा, मुलगा एकवीस.

मुकुंदराजांची समाधी याच गावात आहे असं आपण परंपरेनं मानतो. त्यांच्या ग्रंथाचं नाव 'विवेकसिंधु'. तो ग्रंथ अध्यात्माचा आहे, आपला विषय संसारातला. पण त्यातला 'विवेक' हा शब्द आपण रोजच्या व्यवहारासाठी उसना घेऊ. विवेक म्हणजे वेगळं करणं, निवडणं. तांदळातले खडे निवडतात तसं. दोन चांगल्या गोष्टींची टक्कर होते तेव्हा नियम पाठ असून भागत नाही, निवडावं लागतं.

आता या प्रसंगात निवडू. वचन कशासाठी असतं? ज्याला दिलं त्याचं हित राखण्यासाठी. मुलीनं गुपित मागितलं ते भीतीपोटी, पण मुळात ती बोलली ती मदतीसाठी. मदत नको असती तर ती बोललीच नसती. तेव्हा तिला सोडवण्यासाठी बोलणं म्हणजे दगा नव्हे. पण तिच्या पाठीमागं बोलणं हा दगा होईल. आधी तिला सांगावं, 'मी हे एकटी पोटात ठेवू शकत नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.' मग मुख्याध्यापक, ग्रामसेवक (गावात बालविवाह रोखण्याची अधिकृत जबाबदारी त्यांच्यावर आहे) किंवा १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक. मॅडमनी तसंच केलं. अधिकारी घरी गेले, समजूत घातली, लग्न थांबलं. गावातल्या दोन-चार घरांनी वर्षभर मॅडमशी बोलणं टाकलं. धाडस हा सातवा नियम आहे. तो बहुतेक वेळा असाच दिसतो. कुणी टाळ्या वाजवत नाही.

आणि पुढच्यासाठी एक शहाणपण. मूल म्हणालं 'आधी वचन द्या', तर कोरं वचन देऊ नका. म्हणा, 'तू सांग, मी शेवटपर्यंत ऐकते. तुला धोका नसेल तर माझ्याजवळच राहील. धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, पण तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही.' हे वचन पाळता येण्यासारखं आहे.

याच्याच जोडीला सुरक्षिततेचं. शिबिरात कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत किंवा तंबूत एकटा नको. दोन मोठी माणसं असावीत. मुलींच्या शिबिरात स्त्री कॅप्टन हवीच. मुलाशी खाजगी बोलायचं झालं तर मैदानाच्या कडेला बोला, जिथं लोकांना दिसतं पण ऐकू येत नाही. काही ज्येष्ठ मंडळी दुखावतात. 'आम्ही लेकरासारखं वागवतो, आमच्यावर संशय?' असं म्हणतात. संशयाचा प्रश्नच नाही. नदीकाठी मुलांना नेताना आपण दोर नेतो, तो कुणी बुडणारच आहे म्हणून नेत नाही. शिवाय २०१२ च्या पोक्सो कायद्यानं, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असूनही कळवलं नाही तर तो गुन्हा आहे. 'शाळेची बदनामी होईल' ही सबब कायद्याला चालत नाही आणि आपल्या नियमालाही चालू नये. मारणं तर शिक्षण हक्क कायद्यानं बंदच आहे. शिस्तीचा प्रश्न आला तर संघनायकांची मानसभा बसवा. मुलं मुलांना आपल्यापेक्षा न्यायानं वागवतात, थोडी कडकच असतात. त्यांना आवरण्याचं काम तेवढं आपलं.

रांगेत उभं करण्याआधी

शेवटचा मुद्दा, थोडक्यात. कुणी पाहुणा येणार म्हणून गणवेशातली मुलं उन्हात दोन तास उभी असतात. पाहुणा चार तास उशिरा येतो. चळवळ अराजकीय आहे हे आपण नोंदणीच्या वेळी वाचतो आणि मंडप दिसला की विसरतो. मुलांचा सन्मान-रांग म्हणून उपयोग करताना एवढंच स्वतःला विचारावं, की यातून मुलाला काही मिळतं, की मुलामुळे दुसऱ्या कुणाला काही मिळतं? कांट सांगायचा की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. मूल तर आपल्याला नाही म्हणू शकत नाही, म्हणून तिथं दुप्पट जपायला हवं.

आषाढी वारीला जाताना शेगावची पालखी परळीहून आपल्या गावात येते. तेव्हा मुलांनी वारकऱ्यांना पाणी द्यावं, पत्रावळी उचलाव्यात, यासारखी सेवा नाही. पण आधी सेवा, मग फोटो. फोटो निघाला की घागरी तिथंच टाकून घरी, असं झालं तर मुलं सेवा शिकत नाहीत, फोटो शिकतात. आणि कुठल्याही मुलाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्याच्या घरी विचारा.

एक प्रश्न

(व्याख्यानानंतर एका तरुण शिक्षकाने विचारले: 'सर, एवढं सगळं सांभाळायचं म्हटलं तर माणूस भिऊनच जाईल. शाळेचं काम, ऑनलाईन माहिती भरणं, निवडणुकीची ड्युटी, त्यात हे. मग हे काम कोण करील?')

बरोबर आहे तुमचं. तुमच्यावरचा बोजा आम्हाला दिसतो. पण आपल्या वचनाचे शब्द आठवा. त्यात 'मी हे करीनच' असं नाही, शक्य तितका प्रयत्न करीन असं आहे. ज्यानं कुणी ते लिहिलं त्याला माणूस कळला होता. ॲरिस्टॉटल म्हणतो की न्यायाची कामं करत करतच माणूस न्यायी होतो. आधी न्यायी होऊन मग कामाला लागणारा कुणी नसतो. तुम्ही एकदम सगळं बदलू नका. येत्या शनिवारी लॉगबुक उघडा, जे झालं ते लिहा, जे झालं नाही ती जागा कोरी ठेवा. कोरी जागा मुलांना दाखवा आणि सांगा, हे आपलं राहिलंय. तुम्ही चुकलात तरी मुलांसमोर 'चुकलं' म्हणा. आम्ही ते त्या वेळी म्हटलं नाही. संघाला दमात घेतलं आणि वह्या परत दिल्या.

त्या मुलाचं पुढं काय झालं, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आम्हीच सांगतो. माहीत नाही. परीक्षेला तो आलाच नाही. पुढच्या दिवाळीनंतर टोळीबरोबर गेला तो शाळेत परतला नाही, आणि आम्हीही कॉलेजात लागलो. शोधायला कधी गेलो नाही. लॉगबुकात मात्र तो प्रत्येक शनिवारी उपस्थित आहे, खाली आमची सही आहे.

तुमच्या वहीत तसं होऊ नये, एवढ्यासाठी आज आलो होतो.